कोणी गायले, कुठे गायले : छोट्या ध्वनिमुद्रण संस्था आणि ठाणे-कल्याण परिसराचे संगीत

लोकसंगीत आणि प्रायोगिक संगीत एवढ्यालाच वाहिलेली छोटी स्वतंत्र ध्वनिमुद्रण संस्था, धंद्याच्या भाषेत ‘लेबल’, बहुतेक वेळा एकदोन माणसांच्या हिमतीवर चालते. तिच्या तबकडीची आवृत्ती तीनशे-पाचशे प्रतींच्या पुढे क्वचितच जाते. तिचा माल मोठ्या दुकानांत दिसत नाही आणि ती बंद पडली तर वर्तमानपत्रात चार ओळीही येत नाहीत. तरीही जगातल्या कित्येक जमातींचे आणि वाद्यांचे संगीत आज ऐकायला मिळते ते अशाच संस्थांमुळे. त्यांच्या कामाचे तीन भाग असतात. गाणे जिथे गायले जाते तिथे जाऊन ते मुद्रित करायचे. कोणी, कुठे, कधी, कशासाठी गायले याचे टिपण त्यासोबत छापायचे. आणि मुद्रण लोकांना मिळत राहील अशी व्यवस्था करून त्यातून येईल तो पैसा गाणाऱ्यापर्यंत पोचवायचा. पहिले काम व्यापारी कंपन्याही करतात, दुसरे संशोधन संस्थाही करतात. तिन्ही कामे एकाच हाताने करणारी संस्था मात्र विरळा. ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि त्यांच्या मागचा डोंगरपट्टा या भागात आवाज पुष्कळ साठवला गेला, पण तो वेगवेगळ्या वाटांनी, आणि प्रत्येक वाटेवर काहीतरी गळत गेले.

अशा छोट्या संस्थांच्या परंपरेचा आरंभ बहुधा न्यूयॉर्कच्या ‘फोकवेज’ या लेबलपासून धरतात. मोझेस ॲश यांनी मॅरियन डिस्टलर यांच्या साथीने १९४८ मध्ये ते सुरू केले. १९८६ मध्ये ॲश यांचे निधन झाले तोपर्यंत दोन हजारांहून अधिक तबकड्या निघाल्या होत्या. कितीही कमी खपली तरी एकही तबकडी यादीतून काढायची नाही हा त्यांचा नेम होता, आणि १९८७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेने हा संग्रह घेतला तो हाच नेम पुढे चालवण्याच्या अटीवर. तबकडीसोबत टिपणांची पुस्तिका द्यायची प्रथाही फोकवेजने रुजवली. लोकसंगीत आणि प्रायोगिक संगीत एकाच फळीवर का बसतात याचे उत्तर मात्र फ्रान्समध्ये सापडते. पिएर शेफर यांनी १९४८ मध्ये रेल्वेच्या मुद्रित आवाजांपासून संगीतरचना केली आणि ध्वनिमुद्रण हेच वाद्य मानणाऱ्या एका नव्या संगीताची सुरुवात झाली. पुढे याच शेफर यांनी फ्रेंच नभोवाणीची परदेशी शाखा उभारली आणि तिच्यातून ओकोरा हे लोकसंगीताचे नामांकित लेबल जन्माला आले. दोन्हीकडे कान एकच होता. ठरलेल्या पट्टीबाहेरचा सूर, तीन मिनिटांत न मावणारा काळ, वाद्याची खरखर, श्वासाचा आवाज, या ज्या गोष्टी स्टुडिओत दोष म्हणून पुसल्या जातात त्यांनाच येथे संगीत म्हणून मान मिळतो.

भारतात या दोन वाटा जवळ आल्याचे मोठे उदाहरण अहमदाबादचे आहे. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारून दिला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तेथे रचना केल्या. त्या फिती पुढे संस्थेच्या ग्रंथालयात तशाच पडून राहिल्या. पॉल पुर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या एका छोट्या लेबलने त्या प्रसिद्ध केल्या. सुमारे पन्नास वर्षे हे संगीत अस्तित्वात होते, पण कोणाच्या कानावर नव्हते. संग्रह करणे आणि प्रकाशित करणे यांतले अंतर केवढे असते ते यावरून दिसते.

मराठीत लोकगीते गोळा करण्याची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे, पण ती लेखणीची परंपरा आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या जमवल्या. कमलाबाई देशपांडे यांनी स्त्रीगीतांचा अभ्यास केला. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीतर्फे खंडामागून खंड काढले. दुर्गा भागवत, रा. चिं. ढेरे, प्रभाकर मांडे यांनी त्या साहित्याला इतिहास आणि दैवतशास्त्र यांचे अधिष्ठान दिले. कविता महाजन यांनी वारली लोकगीतांचे संकलन केले. एवढ्या कष्टाचे काम दुसऱ्या फार थोड्या भारतीय भाषांत झाले असेल. मात्र या सगळ्या संग्रहांत शब्द आहेत, चाल नाही. ओवीच्या चौथ्या चरणावर आवाज कसा खाली येतो, दोन बायका ओळ कशी वाटून घेतात, जात्याची घरघर गाण्याला कुठे उचलते, हे कागदावर उतरत नाही. ‘लोकसाहित्य’ हाच शब्द रूढ झाल्यामुळे गाण्याकडे कवितेच्या डोळ्यांनी पाहिले गेले आणि संगीत मागे राहिले. ही उणीव पहिल्यांदा ठामपणे मांडली ती अशोक दा. रानडे यांनी. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक, पुढे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एनसीपीएमध्ये, संशोधनाची धुरा त्यांच्याकडे होती. ‘लोकसंगीतशास्त्र’ हे त्यांचे पुस्तक १९७५ चे. लोकसंगीत ही शास्त्रीय संगीताची कच्ची अवस्था नसून स्वतःचे नियम असलेली वेगळी कोटी आहे, हा त्यांचा सिद्धान्त आज सर्वमान्य वाटतो. तेव्हा तो तसा नव्हता.

व्यापारी ध्वनिमुद्रण भारतात १९०२ मध्ये आले. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्यांच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव सांगते. तबकड्या जर्मनीत हॅनोवरला दाबल्या जात आणि तिथल्या कामगाराला कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवायचे ते कळावे म्हणून ही सोय होती. कारण निव्वळ कारखान्याचे, पण परिणाम असा की भारतीय ध्वनिमुद्रणाच्या पहिल्याच पानावर गाणारीचे नाव तिच्याच आवाजात कोरले गेले आहे. लोककलावंतांच्या वाट्याला हे भाग्य क्वचित आले. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. त्यात लावणी बसली, भावगीत बसले, पोवाड्याचा तुकडा बसला. रात्रभर चालणारे जागरण, गोंधळ किंवा थाळीवरची कथा बसणे शक्यच नव्हते. १९३० च्या दशकात मुंबईत ‘यंग इंडिया’ हे स्वदेशी लेबल निघाले आणि परक्या कंपन्यांच्या मक्तेदारीत एक फट पडली, पण तबकडीची लांबी तीच राहिली. या काळातल्या मुद्रणांची माहिती आज मिळते ती मुख्यतः संग्राहकांमुळे. सुरेश चांदवणकर यांनी १९९० मध्ये सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने आणि तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकाने तबकड्यांचे क्रमांक, तारखा आणि कलाकार यांची नोंद लावली. विद्यापीठांनी करावे असे हे काम हौशी माणसांनी पदरमोड करून केले.

कॅसेट आल्यावर चित्र पालटले. मुद्रणाचा खर्च एकदम खाली आला, नक्कल काढायला कारखाना लागेना, आणि एका बाजूला तीस-पंचेचाळीस मिनिटे मिळू लागली. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ या १९९३ च्या ग्रंथात उत्तर भारतातली ही उलथापालथ तपशिलाने मांडली आहे. महाराष्ट्रात तिची दोन टोके दिसतात. एक पुण्यात. सुरेश अलूरकर यांच्या अलूरकर म्युझिक हाउसने शास्त्रीय गायन-वादनाच्या कॅसेट काढल्या आणि पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन घरोघरी पोचवले. एका माणसाच्या आवडीनिवडीवर उभे राहिलेले छोटे लेबल मराठीत कसे दिसू शकते याचा तो नमुना. त्याची निवड चोखंदळ होती, पण तिचा कल बैठकीच्या गाण्याकडे आणि साहित्याकडे होता. वाडी-वस्तीच्या गाण्याचा तो मार्ग नव्हता.

दुसरे टोक कल्याणचे, आणि ठाणे जिल्ह्याच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे. मूळचे मंगळवेढ्याकडचे प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) कल्याणला स्थायिक झाले. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ या भक्तिगीताने त्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला, तरी त्यांची खरी भूमी कव्वालीचा सामना आणि भीमगीत ही होती. आनंद आणि मिलिंद हे त्यांचे मुलगे, आदर्श हा नातू. तीन पिढ्यांच्या या घराने कल्याणला लोकगीतांच्या कॅसेट व्यवसायाच्या नकाशावर कायमचे बसवले. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादा कर्डकांच्या गाण्यांपर्यंत आलेली आंबेडकरी गायनाची परंपरा, गायन पार्ट्यांचा ढोलक-हार्मोनियमचा ठेका आणि कव्वालीची सवाल-जवाबाची धाटणी हे सगळे या आवाजांत एकत्र आले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे, पुढे सीडीचे ठेले लागत. पेठेतल्या रेकॉर्डच्या दुकानांनी ज्या संगीताला जागा दिली नव्हती त्याची बाजारपेठ लोकांनीच उभी केली. मराठी ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात याला मध्यवर्ती जागा द्यायला हवी. आजवर ती तळटिपेत राहिली आहे.

कोळी आणि आगरी गाण्यांची गोष्ट थोडी वेगळी. कोळीगीत आधी स्टुडिओतून लोकप्रिय झाले. शान्ता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांचे आवाज असलेले ‘मी डोलकर’ हे त्याचे ठळक उदाहरण. ते उत्तम गाणे आहे, पण कोळीवाड्याबाहेर घडलेले. १९९० च्या दशकात ‘वेसावकर आणि मंडळी’च्या कॅसेटनी कोळीगीत कोळीवाड्यातल्या लोकांच्या तोंडून ऐकवले आणि ठाणे-रायगडच्या लग्नांत दुसरे काही वाजेनासे झाले. या खटाटोपात जुनी चाल कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या बाईकडून घेतली याची नोंद मात्र कुठे राहिली नाही. कॅसेटच्या आतल्या कार्डावर कंपनीचे, संगीतकाराचे, गायकाचे नाव असे. मूळ गाण्यापुढे ‘पारंपरिक’ एवढेच. यूट्यूबच्या जमान्यात श्रेयनामावली लांबली आहे. कॅमेरा, ड्रोन, संकलन, रंगभूषा, स्थळ यांची नावे येतात. गाणे ज्या आजीने शिकवले तिचे नाव अजूनही येत नाही.

ही त्रुटी सर्वांत जास्त बोचते ती धवल्यांच्या बाबतीत. आगरी, कोळी आणि काही कुणबी घरांतल्या लग्नात धवलारीण धवले गाते. हे मनोरंजनाचे गाणे नाही. विधी त्या गाण्यानेच पुढे सरकतो. हळद, तेल, मांडव, देवांना आवतण, प्रत्येक पायरीचे धवले वेगळे. पुरोहिताचे काम बाईच्या गळ्याने होते अशी ही दुर्मीळ परंपरा डोंबिवलीभोवतालच्या गावांपासून अलिबागपर्यंत पसरली आहे. तिच्या मुद्रणाला कॅसेट कंपनी धजावत नाही, कारण त्यात ठेका नाही, चाल तीच ती फिरते आणि सारा अर्थ प्रसंगावर अवलंबून आहे. अशा संगीतासाठीच छोटे लेबल असावे लागते.

आणि याच लग्नाच्या हळदीच्या रात्री, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, बेंजो पार्टी वाजत असते. बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाचे विजेवर चालणारे रूप. मूळ वाद्य जपानी. १९१२ मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी बनवलेले तैशोगोतो. टाइपरायटरसारख्या कळा दाबून तारांवर सूर काढायचा. भारतात ते घराघरांत खेळण्यासारखे आले. त्याला पिकअप बसवून, अँप्लिफायर आणि मोठे स्पीकर जोडून, सोबत ढोल, ताशा, ऑक्टोपॅड घेऊन त्याचे जे वाद्य झाले ते मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांत. सूर फाटतो, तार कर्कश होते, आणि वादक तोच फाटलेला सूर मुद्दाम खेचून लोकांना नाचवतो. प्रायोगिक संगीताची व्याख्या ध्वनीच्या नव्या शक्यता शोधणे अशी केली तर कल्याण-डोंबिवलीतले सर्वांत प्रायोगिक वाद्य हेच. त्याच्या भाईबंदाचे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरचे उस्ताद नूर बख्श विजेवरचे बेंजू वाजवतात. संगीत-मानवशास्त्राचे अभ्यासक दानियाल अहमद यांनी त्यांना शोधून त्यांचे वादन मुद्रित केले. २०२२ मध्ये ‘होनीअनहोनी’ या छोट्या पाकिस्तानी लेबलवर ‘जिंगुल’ हा संग्रह निघाला आणि उस्ताद युरोपच्या दौऱ्यावर गेले. ठाण्या-कल्याणच्या बेंजोवादकांपैकी एकाचेही नाव अशा रीतीने परिसराबाहेर गेलेले नाही. कौशल्य येथेही आहे. मधला दुवा नाही.

शास्त्रीय संगीताची या परिसरात तुलनेने बरी नोंद आहे. ठाण्यात पं. राम मराठे, डोंबिवलीत पं. गजाननबुवा जोशी राहत. कल्याण गायन समाज देवगंधर्व भास्करबुवा बखले यांच्या नावाने महोत्सव भरवतो. आकाशवाणी, कंपन्या आणि खासगी संग्राहक यांच्यामुळे त्या पिढीचा आवाज टिकला. पूर्वेकडे मुरबाड-शहापूर आणि उत्तरेकडे जव्हार-मोखाडा येथे वळले की परिस्थिती पार बदलते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा होईपर्यंत वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, मल्हार कोळी, महादेव कोळी हे सारे एकाच ठाणे जिल्ह्यात मोडत. तारपा हे त्यांतल्या अनेकांचे वाद्य. वाळलेल्या दुधी भोपळ्यात फुंकायचे. भोपळ्याला मेणाने बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्या, त्यांत जिभल्या. टोकाला ताडाच्या पानांचा भोंगा. वादक गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. भात तयार होऊ लागले की तारपा बाहेर निघतो. वादकाभोवती नाचणारे साखळी धरून फिरतात आणि तो ज्या बाजूला वळेल, जी चाल बदलेल, तसा नाच बदलतो. वारली चित्रांतली नाचाची गुंडाळी जगभर पोचली. तिच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाचा आवाज तितका पोचला नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारखे ज्येष्ठ वादक तारपा स्वतः घडवतात आणि वाजवतात.

तारपा मुद्रित करणे सोपे नाही. वादकासमोर एकच मायक्रोफोन ठेवला तर तो पाठमोरा झाला की आवाज जातो. स्टुडिओत बसवून वाजवून घेतले तर सूर स्वच्छ येतो, पण पावलांची थाप, काठीच्या घुंगरांचा ठोका, नाचणाऱ्यांच्या आरोळ्या आणि वळणागणिक जवळ-दूर होणारा भोंगा हे सगळे हरवते. ते हरवले की तारपा एक चमत्कारिक पिपाणी वाटू लागतो. जाणते मुद्रक मध्यभागी एक आणि रिंगणाबाहेर दोन असे मायक्रोफोन लावतात आणि अर्धा-पाऊण तास काही न तोडता चालू ठेवतात. थाळीगानाला याहून वेगळी शिस्त लागते. काशाच्या थाळीच्या मध्यावर मेणाच्या गोळ्याने एक बारीक काडी उभी करतात आणि ओल्या बोटांनी ती काडी वरून खाली ओढतात. थाळी गुणगुणू लागते. त्या अखंड गुंजारवावर कथा सांगणारा रात्रभर कथा गातो. कणसरीची, म्हणजे धान्यदेवतेची कथा त्यांत प्रमुख. हा नाद इतका बारीक की जनरेटरच्या शेजारी तो ऐकूसुद्धा येत नाही. अखंड सूर, स्वरातले अतिसूक्ष्म कंप, काळाचे भान विसरायला लावणारी लांबी, या गोष्टींसाठी पाश्चात्त्य प्रायोगिक संगीतकारांनी १९६० नंतर नवनवी यंत्रे वापरली. शहापूरच्या पाड्यावर त्या मेण, काडी आणि थाळी यांवर मिळतात.

अशा संगीताच्या शास्त्रशुद्ध संग्रहाचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे काम जात्यावरच्या ओव्यांचे आहे. ते पुण्याच्या ‘सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस’ या संस्थेतून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभे केले. पॉइतवाँ जन्माने फ्रेंच. १९७२ मध्ये भारतात आले आणि येथलेच नागरिक झाले. हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांहून अधिक बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या या कामात गोळा झाल्या. संगणकतज्ज्ञ आणि संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने सुमारे १२० तासांचे मुद्रण झाले. पॉइतवाँ २००४ मध्ये आणि राईरकर २०१० मध्ये गेल्यानंतर हा ठेवा विरून गेला असता. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून तो टप्प्याटप्प्याने लोकांपुढे आणला. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचे नाव, गाव, तालुका, मुद्रणाची तारीख आणि जमल्यास तिचे छायाचित्र. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्यावर जाते थांबले आणि ओवीचा प्रसंगच गेला. म्हणजे मुद्रण झाले ते अगदी शेवटच्या घटकेला. बाजार आणि संग्रह यांच्या मधली जागा कशी भरावी याचे मराठीतले सर्वोत्तम उदाहरण हेच आहे, मग त्याला लेबल म्हणा किंवा न म्हणा. ठाणे जिल्ह्यातल्या धवल्यांना किंवा थाळीच्या कथांना असे काम लाभलेले नाही.

देशपातळीवर ‘आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ ही संस्था महत्त्वाची. नझीर जैराझभॉय यांच्या पुढाकाराने अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने १९८२ मध्ये ती पुण्यात सुरू केली. पुढे ती दिल्लीकडे, आता गुरुग्रामला गेली. परदेशी अभ्यासक भारतात मुद्रण करून फिती आपल्या विद्यापीठात नेत आणि ज्यांचे गाणे त्यांना ते पुन्हा ऐकायलाही मिळत नसे. या फिती देशात परत याव्यात हा संस्थेच्या स्थापनेमागचा मूळ हेतू होता. स्वतंत्र लेबलच्या वाटेवर मुंबईत ‘अंडरस्कोर रेकॉर्ड्स’ उभे राहिले. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये ते सुरू केले. कलाकाराने स्वतः मुद्रित केलेले संगीत हक्क न गमावता विकता यावे हे त्याचे सूत्र, आणि कलाकारांना करार व प्रताधिकार समजावून सांगणे हा त्याच कामाचा भाग. नव्या पिढीत मुंबईच्या ‘स्वदेसी’ या हिपहॉप समूहाने २०१९ मध्ये आरे वसाहतीतले वारली कार्यकर्ते आणि गायक प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ केले. जंगल वाचवण्याच्या लढ्यात आदिवासी गायक साथीला नाही, मुख्य आवाज म्हणून त्यात उभा आहे. लोकसंगीत आणि प्रयोग यांचा मेळ चवीपुरती फोडणी घालून होत नाही हे या एका गाण्याने दाखवले.

टिपणाशिवाय आणि हिशेबाशिवाय केलेल्या मुद्रणाचे काय होते याची उदाहरणे जगभर आहेत. सॉलोमन बेटांवर अफुनाक्वा नावाच्या बाईने गायलेले अंगाईगीत ह्यूगो झेम्प यांनी मुद्रित केले होते. १९९२ मध्ये ‘डीप फॉरेस्ट’ या फ्रेंच जोडीने ते आपल्या गाण्यात वापरले. गाणे जगभर गाजले आणि अफुनाक्वाच्या हाती काही आले नाही. सिॲटलच्या ‘सब्लाइम फ्रीक्वेन्सीज’ या २००३ पासूनच्या लेबलने आशिया-आफ्रिकेतले विलक्षण आवाज तरुण श्रोत्यांपर्यंत नेले, पण सुरुवातीच्या कित्येक प्रकाशनांत कलाकारांची नावेच नसल्याने त्यावर रास्त टीका झाली. याउलट स्टीव्हन फेल्ड यांनी पापुआ न्यू गिनीतल्या बोसावी लोकांचे संगीत १९९१ मध्ये प्रकाशित केले तेव्हा मानधनाचा पैसा त्या लोकांसाठीच्या निधीत गेला.

भारतीय कायदा या बाबतीत अर्धाच उपयोगी पडतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात मुद्रणाचा हक्क निर्मात्याला मिळतो आणि प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. परंपरेने आलेल्या गाण्याला कायद्याच्या नजरेत लेखक नसतो, म्हणून त्यावर कोणाचा हक्कही नसतो. १९९४ च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलाकाराचा वेगळा हक्क मान्य केला आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याला व्यावसायिक वापरातल्या मानधनात वाटा दिला. म्हणजे धवलारणीच्या गाण्यावर नसला तरी तिच्या गायनावर हक्क आहे. तो बजावायला नाव, तारीख आणि लेखी संमती लागते. टिपण हे येथे विद्वत्तेचे लेणे राहत नाही, ते पैशाचे कागदपत्र होते. संमती तिच्या बोलीत समजावून घेतलेली, आणि लिहिता-वाचता येत नसेल तर आवाजात मुद्रित केलेली असावी. विधीतली काही गाणी बाहेर ऐकवायची नसतात. ती कोणती हे गाणाऱ्यांनीच ठरवायचे असते.

खर्चाचे गणित पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. नाग्रा टेपरेकॉर्डर आणि फितींचा खर्च एके काळी केवळ संस्थांना परवडे. आज चांगला हातातला रेकॉर्डर मध्यम किमतीच्या मोबाइलइतक्या पैशांत येतो. प्रती काढण्यासाठी २०२४ मध्ये मुंबई परिसरात तबकड्या दाबण्याचा कारखाना पुन्हा सुरू झाला आहे, आणि इंटरनेटवरून थेट विकायचे तर प्रतही लागत नाही. खर्च उरतो तो माणसाच्या वेळेचा. एका तासाच्या थाळीगानाचे शब्द उतरवणे, बोलीतल्या जाणत्याकडून ते तपासून घेणे, मराठीत अर्थ लावणे, यांत आठवडे जातात. यासाठी बोलीभाषक तरुण हवेत आणि त्यांना मजुरी द्यायला हवी. कल्याण, मुरबाड, शहापूर आणि जव्हारच्या महाविद्यालयांत वारली, ठाकर, कातकरी, आगरी घरांतली मुले शिकतात. या कामासाठी बाहेरून तज्ज्ञ आणण्याची गरज नाही.

कामाचे वेळापत्रकही परंपरेनेच आखलेले आहे. भाद्रपदात गौरीची गाणी आणि नाच, भात पिकल्यापासून तारपा, पुढे हळदी आणि धवले, चैत्र-वैशाखात मोखाडा-जव्हारकडचे बोहाडे, म्हणजे मुखवट्यांचे उत्सव. थाळीच्या कथा विधी असेल त्या घरी, म्हणजे निरोप येईल तेव्हा निघावे लागते. मुद्रणाची मूळ प्रत दोन ठिकाणी ठेवणे आवश्यक असते. एक गावात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत, गाणाऱ्यांच्या हाताशी. दुसरी तापमान सांभाळणाऱ्या संग्रहालयात. आधी उल्लेखिलेली गुरुग्रामची आर्काइव्हज संस्था अशा ठेवी स्वीकारते, आणि कोणते मुद्रण कोणाला, कोणत्या अटीवर ऐकू द्यायचे हे ठेवीदाराने लेखी ठरवून द्यायचे असते.